ठोकणं थांबण्याआधी

१

आमच्या घरी सकाळी गजर लावायची गरज पडत नसे. भिंगरी उठली की सगळं घर उठायचं. आधी बाथरूमचं दार धाडकन आपटायचं, मग बादलीचा आवाज, मग घसा फाडून गाणं. सासूबाई अंथरुणातूनच ओरडायच्या, "अगं हळू! शेजारीपाजारी माणसं राहतात!" आतून उत्तर यायचं, "मग उठू देत की त्यांनाही!"

भिंगरी ही माझ्या नवऱ्याची मुलगी. पंधरा वर्षांची. एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून आजीने लहानपणीच हे नाव ठेवलेलं. तिची आई ती बालवाडीत असतानाच गेली. मी या घरात आले ती अगदी अलीकडे. आल्यापासून तिने मला एकदाही कुठल्या नावाने हाक मारली नव्हती. समोर असले तर "अहो, ऐका", नसले तर "त्या". घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे, म्हणून मैत्रिणींना सांगताना मी "आमच्याकडची पार्लरवाली". मला लागायचं. पण सावत्र आईला बोलायची सोय नसते. रडली तर नाटकी, रागावली तर सावत्रच ती, आणि गप्प बसली तर आतल्या गाठीची.

भिंगरीच्या शाळेत मैदानाच्या कडेला खेळाचं सामान ठेवायची एक खोली आहे. एका दुपारी शाळा सुटल्यावर तिच्या मैत्रिणींनी गंमत म्हणून तिला त्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी लावली आणि थोड्या वेळाने त्या आपापल्या घरी गेल्या. ती उशिरा येते हे आमच्या अंगवळणी पडलेलं. आम्ही कुणी चौकशी केली नाही. दिवेलागणीला शाळेचे शिपाईमामा फेरी मारायला निघाले, तेव्हा त्यांनी दार उघडलं आणि तिला घरी आणून सोडलं.

"पोरींचा खेळ हो," ते दारातच म्हणाले. "घाबरली-बिबरली नाही. रडलीसुद्धा नाही. शहाणी आहे."

माझा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून त्याला एक सवय जडलीय. काहीही झालं तरी आधी हसायचं, म्हणजे समोरचा घाबरत नाही. तो हसला. "ही कोंडली गेली आणि दार शाबूत आहे? म्हणजे शिपाईमामा, तुमचं दार भारी!"

सगळे हसले. भिंगरीही हसली. आमचं हसून झाल्यावर, जरा उशिराने.

जेवायच्या आधी मी तिचे हात पाहिले. नखं मुळापर्यंत तुटलेली, काही उलटी फाटलेली, आणि त्यांत पांढरी भुकटी अडकलेली. मैदानावर रेघा आखायचा चुना असावा.

"हे कसं गं झालं?"

"खेळताना."

मी तिला पार्लरच्या खुर्चीत बसवलं, कोमट पाण्यात हात भिजवले, नखं कापून कानशीने घासून गुळगुळीत केली. माझं रोजचंच काम. एरवी तिने हातसुद्धा लावू दिला नसता. आज शांत बसून माझ्याकडे बघत होती. झाल्यावर बोटं दिव्यासमोर धरून म्हणाली, "छान झाली. थँक्यू, आई."

माझ्या हातातली कानस खाली पडली.

२

दुसऱ्या दिवशी आम्हाला कुणी उठवलं नाही. मी उठले तेव्हा भिंगरी अंघोळ करून टेबलाशी बसली होती. अंथरुणाची घडी अशी की दुकानातून नुकतं आणलंय. बाथरूमचं दार सताड उघडं. त्या दिवसापासून ती ते लावेनाशी झाली, अंघोळीच्या वेळी आतून फक्त म्हणायची, "इकडे येऊ नका हं कुणी." आम्ही जायचो नाही. त्यात काय एवढं?

ताटात पडेल ते खायला लागली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायला लागली. कुणी बोलत असलं की मधे तोंड घालणं बंद. "हो आजी", "चालेल बाबा", "मी करते आई". मैत्रिणींवर रुसली नाही, भांडली नाही. उलट त्यांच्याबरोबर आधीसारखीच शाळेत जाऊ लागली.

"देवाने ऐकलं बाई माझं," सासूबाई म्हणाल्या. "मोठी झाली पोर."

वर्गशिक्षिका भेटल्या त्याही खूश. "काय जादू केलीत तुम्ही? पूर्वी हिचं नाव घेऊन घेऊन माझा घसा बसायचा. आता वर्गात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही."

हे वाक्य त्या कौतुकाने बोलल्या, मीही कौतुक म्हणूनच ऐकलं. खरं सांगायचं तर मी हवेत होते. पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांना काही ना काही निमित्त काढून सांगायचे, "थांबा हं, लेक हाक मारतेय." लेक "आई" अशी हाक मारायची आणि बायका माझ्याकडे आरशातून बघायच्या. ज्यांनी "सावत्र म्हणजे कठीणच असतं" म्हणून सुस्कारे टाकले होते, त्याही.

अशातच एका सकाळी आम्ही चौघं नाश्त्याला बसलो होतो. अंडी, टोस्ट, नवऱ्याचा वर्तमानपत्रात खुपसलेला चेहरा. भिंगरी माझ्या समोर बसून टोस्टला लोणी लावत होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सगळीकडे सारखं.

तिच्या खोलीतून आवाज आला. थप. थप. थप.

कुणी उघड्या तळव्याने लाकडावर मारावं तसा. जोरात नाही, घाईत नाही. जरा थांबून पुन्हा.

मी उठून गेले. खोलीत कुणी नव्हतं. आवाज कपाटातून येत होता. मी कपाटाच्या मुठीला हात लावला आणि तो थांबला. उघडलं. रांगेत टांगलेले तिचे कपडे, खाली बूट. आणि वास. नव्या चेंडूच्या रबराचा, दमट चटयांचा.

"काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"कपाट वाजत होतं."

"लाकूड आहे. हवा बदलली की बोलतं," नवरा पान उलटत म्हणाला.

भिंगरीने टोस्ट अर्धा करून माझ्या ताटलीत ठेवला. "गार होतंय, आई."

३

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. गिऱ्हाइकाचे केस गळायला लागले तर मी दृष्ट लागली म्हणत नाही, पाणी कुठलं वापरता ते विचारते. म्हणून इथेही मी कारणं शोधत राहिले.

कपाट वाजलं त्याला लाकूड हे कारण पुरेसं होतं. पण मग पार्लरमधलं टॉवेलांचं कपाट वाजलं, ते पत्र्याचं. म्हटलं, पत्रा उन्हाने तापतो. मग पोटमाळ्याचं दार वाजलं. म्हटलं, उंदीर. प्रत्येक वेळी भिंगरी माझ्या डोळ्यांसमोर असायची. पुस्तक वाचत, आजीच्या चष्म्याच्या काचा पुसत, कधी नुसतीच हात मांडीवर ठेवून. म्हणजे तिची खोडी म्हणायचीही सोय नाही. मी उघडायला गेले की आवाज थांबायचा, आत काही नसायचं, आणि तोच वास.

एकदा टॉवेलांच्या कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या बाजूला हात लागला. बोटं पांढरी झाली. नीट पाहिलं तर दाराच्या आतून, खालच्या बाजूला, पांढऱ्या भुकटीचे डाग होते. पाच लहान, एक मोठा. पुन्हा पाच लहान, एक मोठा. मी वाकून बघतच होते तेवढ्यात भिंगरी ओलं फडकं घेऊन शेजारी आली.

"धूळ आहे, आई," ती म्हणाली, आणि दोन हातांत पुसून काढलं.

फडकं धरलेली तिची बोटं माझ्या नाकासमोर होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी तिची नखं घासली त्याला आता कितीतरी दिवस झाले होते. दोनदा माझी स्वतःची कापून झाली होती. तिची त्या संध्याकाळी जिथे सोडली होती तिथेच होती. जराही वाढली नव्हती.

"तू नखं कापलीस का?"

"नाही. का? छान आहेत ना?"

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वाढलेली नखं ही तक्रार होऊ शकते. न वाढलेल्या नखांची तक्रार कुणाकडे करायची?

४

नवऱ्याकडे केली. एका दुपारी तो मला गाडीतून बाजारात सोडत होता, तेव्हा.

"ती मला ठीक वाटत नाही."

"कोण?"

"भिंगरी. त्या दिवसापासून."

"कुठल्या दिवसापासून?" त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. "अच्छा, ते कोंडलं होतं ते! अगं, जाऊ दे की. पोरं करतात असले चाळे. आम्ही तर एकाला विहिरीत उतरवून दोर काढून घेतला होता. आज बँकेत मॅनेजर आहे तो."

"तू तिला विचारलंस का कधी, आत काय झालं?"

"काय होणार आत? चेंडू आणि जाळ्या. उगाच विचारून तिच्या डोक्यात भरवायचं का?" मग जरा थांबून, आवाज मऊ करून म्हणाला, "तुला नक्की कशाचा त्रास होतोय? भांडत होती तेव्हा तू रडत होतीस. आता आई म्हणते, तरी—"

त्याने वाक्य पुरं केलं नाही. पण ते माझ्यापर्यंत पोचलं.

तेव्हाच मागून आवाज आला. गाडीच्या डिकीतून. थप. थप.

मी मागे वळले नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर रस्त्यावर होती, चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पण त्याचा डावा हात स्टिअरिंगवरून निघाला, रेडिओपाशी गेला, आवाज वाढवला आणि परत जागेवर आला.

"तुला ऐकू आलं," मी म्हणाले.

"काय?"

"मग रेडिओ का मोठा केलास?"

त्याने हाताकडे पाहिलं. हात जणू दुसऱ्याचाच, असा चेहरा. "गाणं चांगलं आहे," तो म्हणाला. रेडिओवर गाणं नव्हतं, बाजारभाव चालू होते.

त्यानंतर मी घरात लक्ष ठेवायला लागले, आवाजावर नाही, माणसांवर. टकटक सुरू झाली की सासूबाई मिक्सर लावायच्या, कधीकधी रिकामाच. शेजारीण गप्पा मारायला आली असेल तर तिचा आवाज आपोआप चढायचा. बहिरं कुणीच नव्हतं. सगळ्यांना ऐकू येत होतं, फक्त कुणी ऐकत नव्हतं.

५

एका रविवारी भिंगरीच्या मैत्रिणी घरी आल्या. त्यातल्या दोघी नुसत्या खिदळणाऱ्या. तिसरी एक उंच मुलगी, तिला मी पूर्वीपासून ओळखत होते, कारण तिचे केस कापायला ती माझ्याकडेच यायची. मधल्या खोलीत बसून त्या मोबाइलवर काहीबाही बघत होत्या. भिंगरीने सगळ्यांना सरबत दिलं आणि हात मांडीवर ठेवून त्यांच्यात बसली.

"काकू, ही आता कसली भारी झालीय माहितेय?" एक म्हणाली. "पूर्वी जरा काही केलं की केवढा तमाशा! आता काहीही म्हणा, चालतं हिला."

"हो ना गं?" दुसरीने तिला कोपर मारलं.

"हो," भिंगरी म्हणाली.

पलीकडे तिच्या कपाटातून आवाज आला. आता तो पहिल्यासारखा नव्हता. तळवा नीट उचलला जात नव्हता, नुसता लाकडावर पडत होता. खिदळणाऱ्या दोघी एकदम मोठ्याने बोलायला लागल्या. उंच मुलीच्या हातातला ग्लास मात्र हलला आणि सरबत तिच्या गुडघ्यावर सांडलं.

मी तिला पुसायच्या निमित्ताने पार्लरमध्ये नेलं. दार लोटलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"तो आवाज तू ओळखतेस," मी म्हणाले.

तिने नाही म्हणून मान हलवली आणि मग रडायलाच लागली.

"काकू, आम्ही पाच मिनिटांसाठीच लावली होती कडी. शप्पथ. ती आतून दार बडवत होती, शिव्या देत होती, आम्ही बाहेर हसत होतो. मग ती रडायला लागली. मग आम्हाला वाटलं, आता उघडलं तर मारेल. म्हणून अजून थोडं थांबलो. मग ती नुसती हळूहळू थाप मारायला लागली. थप, थप, अशी."

"आणि?"

"मग तीही बंद झाली. आम्हाला वाटलं, खिडकीतून वगैरे निघून गेली असेल. म्हणून मग आम्ही गेलो."

"त्या खोलीला खिडकी आहे?"

मुलीने नाक पुसलं.

"नाही," ती म्हणाली.

६

त्या दिवसापासून माझं उलटंच झालं. आधी आवाज आला की मी दचकायचे; आता आला नाही की दचकायचे.

तो विझत चालला होता. एखाद्या सकाळी एकच थाप. कधी नुसतं खरवडणं, मांजराने झोपेत पाय हलवावा एवढं. मी कपाटाला कान लावून बसायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, "सूनबाई, आता तर लाकूडही वाजायचं थांबलंय. तू कशाला त्याला चिकटून बसतेस?" म्हणजे त्यांनाही फरक कळला होता.

भिंगरीचे केस विंचरायला मी तिला खुर्चीत बसवलं ती दुपार मला विसरता येत नाही. बाहेर लख्ख ऊन होतं. आरशात आम्ही दोघी. मी कंगवा फिरवत होते, एकही केस कंगव्यात येत नव्हता. टॉवेलांच्या कपाटातून बोटं घसरल्यासारखा आवाज आला आणि थांबला.

"दमलीय ती," भिंगरी म्हणाली.

माझा हात तिथेच राहिला. "कोण?"

"आता थांबेल. एकदा थांबली की काही त्रास नाही." ती आरशातून माझ्याकडे बघून हसली. गोड हसायची. "मग आपण मजेत राहू. बाबा पण खूश आहेत, आजी पण. शाळेत पण. तुला मी आवडते ना, आई?"

मी काय सांगू? ती बोलली ते खोटं नव्हतं. या घरात मला पहिल्यांदा "आई" म्हणणारी तीच होती. माझ्यासाठी चहा करणारी, माझी वाट बघणारी. जी कपाटात थापा मारत होती, तिने मला दाराआड उभं राहून ऐकू येईल अशा बेताने नावं ठेवली होती.

"आवडतेस," मी म्हणाले. खरंच बोलले.

"मग राहू दे ना," ती म्हणाली.

मी कंगवा खाली ठेवला, पर्स उचलली आणि शाळेकडे निघाले. चपला पायात आहेत की नाहीत हे कोपऱ्यावर गेल्यावर बघितलं.

७

शाळा सुटून तासभर झाला होता. शिपाईमामा मैदानावर नळी धरून उभे होते. मी म्हटलं, "मला ती खोली बघायचीय."

"आता काय बघायचं त्यात?" म्हणत त्यांनी कडी काढली. "साहेबांनी रंगसुद्धा देऊन घेतला."

दार आतून हिरवं, नवं कोरं. जाळ्यांत भरलेले चेंडू, गुंडाळून उभ्या केलेल्या चटया, कोपऱ्यात चुन्याचं पोतं. वास तोच. मी दारावर तळवा फिरवला. रंगाखाली चरे होते. रंगाने बुजले होते, पण बोटाला लागत होते. सुरुवातीचे माझ्या खांद्याच्या उंचीवर. खाली खाली येत गेलेले. शेवटचे अगदी जमिनीलगत.

"मामा, बाहेरून कडी लावा. मी हाक मारली की उघडा."

"अहो बाई, लोक काय म्हणतील?"

"लावा."

कडी लागली. अंधार झाला. दाराखालून उजेडाची एक चिंचोळी पट्टी, बस. मला वाटत होतं मी ओरडेन, पण मी कान देऊन ऐकत राहिले. बाहेर नळीच्या पाण्याचा आवाज येत होता, म्हणजे बाहेरचं सगळं आत ऐकू येत होतं. हसणंही आलं असणार.

मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि तळव्याने जमिनीवर थाप मारली. थप. थप. थप.

काही नाही.

मन म्हणत होतं, तू एक शहाणी बाई आहेस, चेंडूंच्या खोलीत बसून फरशी बडवतेयस. मी पुन्हा थाप मारली. काही नाही. उशीर झाला, असं वाटलं.

मग चटयांच्या मागे कुणीतरी श्वास घेतला.

"मी आहे," मी म्हणाले. आणि मग सुचलं तेच बोलले, "पार्लरवाली."

सरपटल्याचा आवाज. चुन्याचा उग्र दर्प. माझ्या घोट्याला काहीतरी थंड लागलं, मग मनगटाला. हात होता. मी तो चाचपला. नखं फाटलेली, उलटलेली, टोकदार. कुणी न घासलेली. उजेडाच्या पट्टीत क्षणभर हनुवटी आली आणि खालचा ओठ, कोरडा, चुन्याने माखलेला. ओठ हलत होता. आवाज नव्हता. त्याच्या वरचं मला दिसलं नाही, आणि दिसलं नाही ते बरंच झालं.

मी हात घट्ट धरला. "मामा, उघडा!"

ऊन डोळ्यांवर आलं. मी मागे न बघता चालू लागले. माझी मूठ मिटलेली होती, त्यात वजन होतं, मागून ओढ होती. खाली सावली माझी एकटीचीच पडली होती. मी तिकडेही बघितलं नाही.

उंबरठा ओलांडला आणि मागून आवाज आला. स्वच्छ, शांत, समजूतदार.

"आई, माझं काय चुकलं?"

मी थांबले.

"सगळं नीट करत होते ना मी? तुम्हाला हवं तसं?"

शिपाईमामा कडीला हात घालून माझ्याकडे बघत होते. त्यांना काही ऐकू आल्याचं दिसत नव्हतं. की त्यांचाही हात रेडिओ शोधत होता, कोण जाणे.

"लावू का दार?" त्यांनी विचारलं.

"नको," मी म्हणाले. "उघडंच राहू दे. आणि ती कडी काढून टाका."

मी पुन्हा चालू लागले. फाटकाबाहेर आले तेव्हा मूठ रिकामी होती. तळव्यावर नखांचे ओरखडे होते आणि फोन वाजत होता.

८

"लवकर ये!" सासूबाई फोनवर रडत होत्या. "पोरीला काहीतरी झालंय! इतकी छान बसली होती गं, आणि एकाएकी—"

मागून काचेचं काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि एक किंकाळी. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून ती ऐकली. फोन कानापासून दूर केला नाही.

घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. भांडी, पीठ, काचा. कपाटांची सगळी दारं उघडी. एक तर बिजागरीतून लोंबत होतं. भिंगरी ओट्याखाली, भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि ओरडत होती. शब्द नव्हते त्यात. केस विस्कटलेले, ओठ फुटलेला. नवरा दोन पावलांवर हात पसरून उभा, नवशिक्याने गाडी भिंतीकडे नेल्यावर पसरतो तसे. पण हसत नव्हता.

"सकाळपर्यंत ठीक होती," तो म्हणाला. "अगदी ठीक होती गं. मी डॉक्टरांना बोलावतो."

"बोलाव. डॉक्टर येतील तोवर खाली बस."

"इथे? काचा आहेत."

"बस."

तो बसला. मी बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. भिंगरीने आणखी एक किंकाळी फोडली तसा त्यांचा हात नकळत मिक्सरच्या बटणाकडे गेला. मी तो मधेच धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे, आणि तोंडाला पदर लावून त्याही माझ्या शेजारी, पिठातच, खाली बसल्या.

आम्ही कुणी "शांत हो" म्हणालो नाही. "काही नाही झालं" म्हणालो नाही. ती ओरडत होती आणि आम्ही तिघं ऐकत होतो. शेजारच्या घरातली माणसं गॅलरीत येऊन उभी राहिली असावीत. राहू देत.

हळूहळू किंकाळ्यांचं रडणं झालं, रडण्याचे हुंदके झाले. तिने डोकं वर केलं. आधी बापाकडे, मग आजीकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला तिने कुठल्या नावाने हाक मारली नाही. नुसती बघत राहिली, जणू आम्ही मधेच उठून जाणार याची तिला खात्री होती.

कुणी उठलं नाही.

"तिथे काय झालं, बाळा?" तिच्या बापाने विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता त्याचा.

भिंगरीने फाटलेल्या नखांनी तोंडावरचे केस बाजूला केले. आवाज पार बसला होता, कितीतरी दिवस ओरडल्यासारखा.

"पहिल्यांदा मला वाटलं," ती म्हणाली, "त्या लगेच उघडतील."